बाटलीवरचे साल आणि बाटलीचे वय

वाचकाचे पत्र

मी अकरा वर्षांपासून न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. दोन वर्षांपूर्वी रविवारच्या जुन्या बाजारात एक निळसर हिरवी बाटली सहज म्हणून घेतली आणि तेव्हापासून या नादाला लागलो. आज घरात साठ-बासष्ट जुन्या अमेरिकन बाटल्या आहेत. त्यांपैकी चार बाटल्यांविषयी शंका आहेत. एका बरणीवर ‘मेसन्स पेटंट, ३० नोव्हेंबर १८५८’ असे लिहिले असून ती अमेरिकन यादवी युद्धापूर्वीची, म्हणजे १८६१ च्या आधीची, म्हणून मी ८५ डॉलरला घेतली. दुसरी बाटली लाकडी खोपटाच्या आकाराची, गडद निळी असून तिच्यावर ‘ई. जी. बूझ’ हे नाव आणि १८४० हे साल आहे. तिसरी औषधाची, भडक जांभळी. चौथी दोन्ही बाजूंना गरुड असलेली एक पाइंटची, म्हणजे जेमतेम अर्ध्या लिटरची, बाटली आहे. तिच्या आत दुधाळ डाग आहेत. ती आम्लाने धुवावी का? शिवाय एक विक्रेता जॉर्ज वॉशिंग्टन आणि जनरल टेलर यांच्या छबी असलेला हिरवा फ्लास्क १,४०० डॉलरला देऊ करत आहे. तो गुंतवणूक म्हणून घ्यावा का? एक मित्र जुन्या घरांच्या परसात खणून बाटल्या काढण्यासाठी सोबत बोलावतो. पत्नीचे म्हणणे असे की दारूच्या रिकाम्या बाटल्यांवर शहाणा माणूस इतके पैसे घालत नाही. पुढच्या महिन्यात सांगलीहून आई येणार आहे, आणि दिवाणखान्यातले ते कपाट पाहून ती काय म्हणेल याची धास्ती वाटते.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार बाटल्यांची वर्णने आहेत आणि प्रत्येक बाटलीवर काय लिहिले किंवा काय चितारले आहे ते तुम्ही बारकाईने कळवले आहे. मात्र एकाही बाटलीचे बूड कसे आहे आणि काठ कसा आहे याविषयी पत्रात एक शब्द नाही. हा दोष तुमच्या एकट्याचा नव्हे. पहिली काही वर्षे मीही बाटल्या अशाच वाचत होतो, कारण उठावाच्या अक्षरांत एखादे साल दिसले की तेच बाटलीचे जन्मसाल असे मानण्याची आपल्याला सवय असते. या छंदात माझे जे पैसे बुडाले, ते बहुतेक सगळे या एका सवयीपायी बुडाले. बाटलीवरचा मजकूर हा माल खपवणाऱ्याने लिहवून घेतलेला असतो, तर बुडावरच्या आणि काठावरच्या खुणा कारागिराच्या हातून नकळत राहिलेल्या असतात. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मी बाटल्या उलट्या करूनच देणार आहे.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवतो. ‘फ्लास्क’ म्हटले की मराठी घरात चहाचा थर्मास डोळ्यांपुढे येतो, आणि तुमच्या पत्नीलाही कदाचित प्रथम तेच वाटले असेल. ज्या वस्तूविषयी आपण बोलत आहोत तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘चपटी’. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व्हिस्की पिंपातून विकली जाई आणि गिऱ्हाईक ती अर्धा पाइंट, एक पाइंट किंवा क्वार्टच्या (दोन पाइंटच्या) चपटीत भरून घेई. चपटी खिशातून, खोगिराच्या पिशवीतून सगळीकडे फिरत असल्यामुळे काच कारखान्यांनी तिच्या दोन्ही अंगांवर त्या त्या काळी लोकांच्या तोंडी असलेले विषय उठवले. वॉशिंग्टन आणि गरुड तर आलेच. १८२४-२५ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या दौऱ्यावर आला तेव्हा कनेटिकटमधील कॉव्हेंट्रीच्या कारखान्याने त्याची छबी काचेवर आणली, आणि १८५० मध्ये गायिका जेनी लिंड आली तेव्हा तीही बाटलीवर चढली. मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे ती ‘सक्सेस टू द रेलरोड’ ही चपटी, कारण रेल्वेला यश चिंतणाऱ्या त्या चपटीच्या बहुतेक साच्यांवर इंजिन नाहीच. रुळांवरून गाडी ओढणारा एक घोडा आहे.

आता तुमची बरणी, कारण तिचा निकाल लवकर लागतो. जॉन लँडिस मेसन यांना आटे पाडलेल्या तोंडाच्या बाटलीचे पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मिळाले, हे खरे आहे. परंतु ती तारीख पुढे बरणीच्या साच्यातच कोरली गेली, आणि पेटंटची मुदत संपून गेल्यावरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत निरनिराळे कारखाने ती उठवत राहिले, कारण गिऱ्हाईक त्या तारखेवरूनच बरणी ओळखू लागले होते. म्हणजे बरणीवरचे १८५८ हे पेटंटचे साल आहे; बरणी त्यानंतर कधीही झालेली असू शकते. तुमच्या बरणीच्या काठावरून अंगठा फिरवून पाहा. हाताने फुंकलेल्या बरणीच्या तोंडावर उरलेली जादा काच तोडून काठ चाकावर घासत असत, त्यामुळे तो आजही खरखरीत आणि पांढुरका लागतो. काठ गोलसर गुळगुळीत असेल आणि साच्याची शिवण त्याच्यावरून आरपार जात असेल, तर बरणी यंत्रावर झालेली आहे. काठ घासलेला निघाला तरी बरणी यादवी युद्धानंतरची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली असण्याचाच संभव अधिक. रंग नेहमीचा निळसर असेल तर ८५ डॉलर जास्त झाले. मात्र बरणी वापरायला उत्तम आहे, तिच्यात डाळी भरा.

निळ्या खोपटाची गोष्ट अधिक रंजक आहे आणि तुमच्या दृष्टीने अधिक दुःखद. एडमंड बूझ हे फिलाडेल्फियातील वॉलनट स्ट्रीटवरचे दारूचे व्यापारी. त्यांच्या ‘ओल्ड कॅबिन व्हिस्की’साठी न्यू जर्सीतील ग्लासबरोच्या व्हिटनी कारखान्याने ही खोपटाच्या आकाराची बाटली केली, ती १८६० च्या दशकात. मग छपरावर १८४० कसे आले? त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या पक्षाने लाकडी खोपटे आणि सफरचंदाची दारू ही आपल्या प्रचाराची चिन्हे केली होती. हॅरिसन निवडून आले, शपथ घेतल्यावर महिनाभरातच वारले, पण खोपटे लोकांच्या मनात राहिले. वीस-पंचवीस वर्षांनी व्हिस्की विकताना ते साल ‘जुना माल’ असे सुचवायला कामी आले. जाता जाता सांगतो, इंग्रजीतला दारूसाठीचा ‘बूझ’ हा शब्द या गृहस्थांवरून पडला असे बाजारात हटकून ऐकायला मिळेल. त्यावर विश्वास ठेवू नका, तो शब्द त्यांच्याहून कित्येक शतके जुना आहे.

अस्सल बूझ बाटल्या बहुतांशी अंबर रंगाच्या, म्हणजे मधापासून काकवीपर्यंतच्या छटांच्या असतात. तुमच्या पत्रातला गडद निळा रंगच सांगतो की तुमच्याकडची प्रतिकृती आहे. ग्लासबरोच्या अगदी शेजारी क्लेटन नावाचे गाव आहे. तेथे क्लेव्हेंजर बंधूंनी १९३० च्या दशकापासून जुन्या बाटल्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि खोपटाची बाटली ही त्यांतली सर्वांत गाजलेली. पुढे इतरांनीही त्या केल्या. यात फसवणूक करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, त्या काळी लोक त्या शोभेसाठी उघड उघड विकत घेत. फसवणूक झाली ती नंतर, माळ्यावरून उतरलेली बाटली ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून बाजारात मांडली गेली तेव्हा. मिलव्हिलच्या व्हीटन कारखान्यानेही १९६० आणि १९७० च्या दशकांत बोटभर उंचीच्या ‘बिटर्स’ बाटल्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या छबी असलेल्या बाटल्या मोठ्या संख्येने काढल्या. त्यांच्या बुडाशी कारखान्याचे नाव उठवलेले असते, आणि तरीही त्या जुन्या म्हणून विकल्या जातात, कारण बाटली उलटी करून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

‘बिटर्स’ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्या आसव-अरिष्टांसारखे, पण त्यांच्यापेक्षा मद्यार्काचा हात पुष्कळ सैल असलेले काढे. तुमच्या संग्रहात कधी ना कधी ‘ड्रेक्स प्लँटेशन बिटर्स’ येईल, ओंडक्यांच्या झोपडीच्या आकाराची. तिच्यावर ‘एस. टी. १८६० एक्स’ अशी गूढ अक्षरे आणि १८६२ चे पेटंट असा उल्लेख असतो. तेथेही हाच नियम लावा. हे साल मालाच्या जाहिरातीचे आहे.

आता बूड कसे वाचायचे ते सविस्तर सांगतो, कारण यापुढे तुमचे पैसे वाचवणारी विद्या एवढीच आहे. कारागीर लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेई, तो दोन फाळक्यांच्या साच्यात धरून फुंके आणि साचा उघडला की बाटलीचे अंग तयार असे. पण तिची मान अजून फुंकणीलाच चिकटलेली असे. मान तोडून काठ नीट करायचा तर बाटली दुसऱ्या टोकाने धरायला हवी. त्यासाठी दुसरी सळई काचेच्या थेंबाने बुडाला चिकटवत. तिला पाँटिल म्हणतात. काठाचे काम आटोपले की हलका ठोका देऊन सळई सोडवत, आणि नाळ तुटल्यावर बेंबी राहावी तसा बुडाच्या मध्यावर एक व्रण राही. सळईऐवजी पोकळ नळी वापरलेली असेल तर व्रण कड्यासारखा आणि धारदार लागतो. भरीव सळई असेल तर खडबडीत गोल चकती दिसते. आणि काचेचा थेंब न लावता तापवलेले लोखंडच टेकवले असेल तर तांबूस-काळसर गंजाचा लेप राहतो, जो प्रामुख्याने १८४० ते १८६० च्या दशकांतल्या सोडा आणि औषधांच्या बाटल्यांवर आढळतो. १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून बाटलीचे बूड चिमट्यासारख्या पकडीत धरण्याची युक्ती रुळत गेली आणि व्रण हळूहळू नाहीसा झाला. म्हणून व्रण असलेली अमेरिकन चपटी साधारणपणे १८६० च्या दशकापूर्वीची, आणि स्वच्छ बुडाची त्यानंतरची, असा ढोबळ हिशेब संग्राहक करतात.

ढोबळ असे मी मुद्दाम म्हणतो. क्लेटनच्या प्रतिकृतीही हाताने फुंकलेल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही पाँटिलचा व्रण असू शकतो. अशा वेळी झीज पाहायची. दीडशे वर्षे फळीवर सरकलेल्या बाटलीच्या बुडावर, जेथे ते जमिनीला टेकते तेवढ्याच पट्ट्यावर, सर्व दिशांनी गेलेले बारीक ओरखडे असतात. कोणी पॉलिशपेपरने ‘वय’ चढवले असेल तर ते ओरखडे एकाच दिशेने, समांतर आणि नको तेथेही दिसतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरका प्रकाश एवढ्याने हे कळते. अर्थात जमिनीत पुरलेली बाटली फळीवर फारशी सरकलेलीच नसते, म्हणून झीज नाही एवढ्यावरून तिला खोटी ठरवता येत नाही.

शिवणीचा नियमही तुम्ही ऐकला असेल: साच्याची शिवण जितकी वर चढते तितकी बाटली नवी. यातले एक टोक बरोबर आहे. टोलीडोच्या मायकेल ओवेन्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्ण स्वयंचलित यंत्र आणल्यावर शिवण काठावरून आरपार जाऊ लागली, त्यामुळे आरपार शिवण म्हणजे यंत्राची बाटली, हे बिनधोक समजा. उलट बाजूने मात्र हा नियम फसवतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही बाटल्या साच्यातच फिरवून शिवण पुसून टाकत असत. शिवण मुळीच नाही म्हणून बाटली फार जुनी, असा निष्कर्ष काढून मी एकदा एक सामान्य वाइनची बाटली अठराव्या शतकातली समजून घरी आणली होती. आणि ‘ही बाटली पुन्हा विकण्यास किंवा वापरण्यास संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसले, तर फार विचार करू नका. दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यानंतर, १९३५ पासून १९६४ पर्यंत, ते वाक्य दारूच्या बाटल्यांवर सक्तीचे होते. गंमत म्हणजे काचेवरच्या मजकुरावर विसंबावे असा हा विरळा प्रसंग आहे, कारण तो मजकूर विक्रेत्याचा नसून सरकारचा आहे.

जांभळ्या बाटलीविषयी. वाळूत लोहाचा अंश असतो, त्यामुळे साधी काच हिरवट होते. तो हिरवेपणा मारण्यासाठी कारखाने काचेत मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की अतिनील किरणांनी मँगनीजचा रंग जागा होतो आणि ती फिकट जांभळी होते. ही छटा पाण्यात शाईचा एक थेंब पडावा इतकी नाजूक असते. तुम्ही मात्र ‘भडक’ असा शब्द वापरला आहे, आणि तोच मला खटकतो, कारण असल्या स्वस्त बाटल्या किरणोत्सर्गाखाली ठेवून थोड्या वेळात गडद जांभळ्या करण्याचा उद्योग बरीच वर्षे चालू आहे. अशी बाटली हाताळणे धोक्याचे नाही. ती जुनीही असू शकते. फक्त तिचा रंग अलीकडचा असतो आणि किंमत त्या रंगासाठी घेतलेली असते. याला जोडून एक व्यावहारिक सूचना: तुमचे कपाट दक्षिणेच्या खिडकीत असेल तर बिनरंगी बाटल्या तेथून हलवा, नाहीतर काही वर्षांनी हाच उद्योग तुमच्या घरात ऊन फुकट करील.

गरुडाची चपटी ही तुमच्या चौघींतली खरी वस्तू असावी असे वाटते. दोन्ही बाजूंना गरुड असलेल्या पाइंटच्या चपट्या पिट्सबर्ग आणि इतर ठिकाणी विपुल झाल्या, त्या निळसर रंगात सहज मिळतात, आणि म्हणूनच त्यांच्या प्रतिकृती करण्यात कोणाला फारसा रस नसतो. आतले दुधाळ डाग दोन प्रकारचे असू शकतात. साध्या पाण्यात निम्मा व्हिनेगर घालून बाटली रात्रभर भरून ठेवा. डाग क्षाराचे असतील तर ते सुटू लागतील. त्याने काही झाले नाही आणि बाटली ओली असताना डाग दिसेनासे होऊन वाळल्यावर परत येत असतील, तर ओलसर मातीने काचेतला अल्कली काढून घेतला आहे आणि काचेचा पृष्ठभागच खरवडला गेला आहे. याला संग्राहक ‘आजारी काच’ म्हणतात, आणि तो आजार घरगुती उपायांनी बरा होत नाही. काही विक्रेते आत तेलाचा पुसट हात फिरवून तो झाकतात. म्हणून कोणत्याही बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायला लाजू नका.

व्हिनेगरपेक्षा तीव्र आम्लाला मात्र हात लावू नका. काच खाणारे आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत पोहोचते आणि त्याने माणसे दगावली आहेत. व्यावसायिक लोक अशा बाटलीत तांब्याचे बारीक तुकडे आणि पॉलिशची भुकटी भरून ती यंत्रावर दिवसचे दिवस फिरवतात. त्याने चमक येते, परंतु हात जड पडला तर गरुडाची पिसे बोथट होतात आणि झिजलेले बूडही नव्यासारखे होते, म्हणजे ज्या खुणांवरून वय कळायचे त्याच पुसल्या जातात. तुमची चपटी तेवढ्या खर्चाच्या योग्यतेची नाही. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर थांबा. कोमट म्हणजे खरोखर कोमट. एका जानेवारीत मी दिवसभर गाडीत राहिलेली एक अंबर चपटी घरी आणली आणि उत्साहाच्या भरात थेट गरम पाण्याच्या नळाखाली धरली. ‘टिंग’ असा अगदी लहान आवाज झाला, एखाद्या वाटीवर चमचा लागावा तसा, आणि खांद्यापासून बुडापर्यंत एक रेघ गेली. ती चपटी माझ्या टेबलावर अजून आहे. तिच्यात मी पेन्सिली ठेवतो.

आता १,४०० डॉलरचा प्रश्न. वॉशिंग्टन आणि टेलर यांची चपटी हा अमेरिकन काचेचा एक मातब्बर प्रकार आहे. एका बाजूला वॉशिंग्टन आणि ‘आपल्या देशाचा पिता’, दुसऱ्या बाजूला टेलर आणि ‘जनरल टेलर कधीच शरण जात नाही’ अशी वाक्ये तिच्या अनेक साच्यांवर असतात. हे दुसरे वाक्य मेक्सिकोच्या युद्धातले, फेब्रुवारी १८४७ मधल्या ब्वेना व्हिस्टाच्या लढाईच्या संदर्भातले. टेलर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुलै १८५० मध्ये वारले. पण साचे वारले नाहीत, त्यांतून पुढेही माल निघत राहिला. काही साच्यांवर फिलाडेल्फियाच्या ‘डॉयटव्हिल’ कारखान्याचे नाव आढळते. हे टॉमस डॉयट इंग्लंडहून आलेले, स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत औषधे विकणारे, मोठे काचगृह उभारणारे आणि कारागिरांसाठी मद्यपानमुक्त वसाहत चालवत असतानाच व्हिस्कीच्या चपट्या करणारे गृहस्थ. त्यांनी काढलेली बँक बुडाली आणि १८३९ मध्ये त्यांना शिक्षा झाली, म्हणजे टेलरची पहिली चपटी निघण्याच्या कितीतरी आधी त्यांचा त्या कारखान्याशी संबंध संपला होता. नाव मात्र काचेवर राहिले.

ही चपटी घ्यायची की नाही हे तिचा साचा, रंग आणि अवस्था या तीन गोष्टींवर ठरेल, आणि त्यांतली एकही पत्रावरून मला ठरवता येणार नाही. जॉर्ज मॅकिअरिन आणि त्यांची कन्या हेलन यांनी १९४१ मध्ये चपट्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या वर्गात व्यक्तींच्या छबी, दुसऱ्यात गरुड, पाचव्यात रेल्वे, सातव्यात खोपटी असे गट असून प्रत्येक साच्याला स्वतंत्र क्रमांक आहे. विक्रेत्याला प्रथम तो क्रमांक विचारा. ज्याला चार आकडी रक्कम मागायची आहे त्याला तो सांगता आलाच पाहिजे, आणि ‘बघून सांगतो’ म्हणाला तर बघून येईपर्यंत पाकीट खिशात राहू द्या. क्रमांक मिळाला की त्याच साच्याची, त्याच रंगाची चपटी लिलावांत कितीला गेली ते पाहा. रंगावर मी भर देतो, कारण या छंदात पैसा अक्षरांना मिळत नाही, रंगाला मिळतो. एकाच साच्यातून निघालेली निळसर चपटी शेकड्यांत जाते आणि तिची गडद हिरवी, जांभळी किंवा कोबाल्टची गडद निळी बहीण हजारांत. ‘हिरवा’ या एका शब्दाखाली मात्र निळसर हिरव्यापासून ऑलिव्हच्या फळापर्यंत सगळे खपवले जाते. म्हणून ती चपटी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा.

मग बूड: व्रण आहे की नाही, आणि विक्रेता जे वय सांगतो त्याच्याशी तो जुळतो का. मग काठ, कारण चपटीला सर्वाधिक मार तेथेच बसतो. टवका उडालेला काठ घासून गुळगुळीत केलेला असू शकतो किंवा राळेने भरलेला असू शकतो. अतिनील दिव्याखाली राळ काचेपेक्षा वेगळी चमकते, आणि दिवा नसेल तर काठ हलकेच दाताला टेकवून पाहा, काच थंड आणि कडक लागते, राळ ऊबदार आणि मऊ. काचेत एखादा न वितळलेला खडा अडकलेला दिसला तर त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या चिरा गेल्या आहेत का ते भिंगाने तपासा. शेवटी, हे सर्व पावतीवर लिहून घ्या: क्रमांक, दोष, दुरुस्ती, आणि वस्तू सांगितल्याप्रमाणे नसल्यास परत घेण्याची मुदत. याला नकार मिळाला तर तेच तुमचे उत्तर समजा.

गुंतवणूक हा शब्द मात्र या व्यवहारातून काढून टाका. विकताना लिलावगृह आपला हिस्सा घेते, मधल्या काळात लोकांची आवड बदलते, आणि घरातल्या एका लहान मुलाच्या चेंडूने सगळा हिशेब संपतो. ज्या रकमेचे दुःख तुम्ही पत्नीला न लपवता सहन करू शकाल तेवढीच रक्कम यात घाला. बासष्ट बाटल्यांपैकी चाळीस विकून एकच चांगली चपटी घेणे हा मार्ग मला त्या १,४०० डॉलरपेक्षा अधिक पटतो, आणि तुमच्या पत्नीलाही तो पटण्याची शक्यता आहे, कारण कपाट मोकळे होईल.

खोदकामाविषयी थोडक्यात. जुन्या घरांच्या परसातल्या संडासांच्या खड्ड्यांत लोक बाटल्या टाकत, त्यामुळे तेथे माल निघतो हे खरे. जागेच्या मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय फावडे उचलू नका. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर तर १९७९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय पुरातन वस्तू उकरणे हा गुन्हा आहे. सहा-सात फूट खोल सरळ खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि माणूस आत गाडला जातो, म्हणून एकट्याने किंवा आधार न लावता आत उतरू नका. जे निघेल त्याची जागा, खोली आणि सोबत काय सापडले हे त्याच दिवशी वहीत लिहा.

त्याऐवजी तुम्हाला एक शनिवार मिलव्हिलला घालवायला सांगेन. दक्षिण न्यू जर्सीत बारीक वाळू आणि भट्टीसाठी पाइनचे लाकूड दोन्ही मुबलक होते, म्हणून कास्पर विस्टर यांनी १७३९ मध्ये तेथे काचेचा कारखाना काढला आणि पुढची दोन शतके तो सगळा भाग काचेवर जगला. मिलव्हिलच्या अमेरिकन काचेच्या संग्रहालयात अस्सल बाटल्या पाहायला मिळतात आणि शेजारीच भट्टीसमोर कारागीर काच फुंकताना दिसतात. पाँटिल बुडाला कशी चिकटते आणि ठोका दिल्यावर कशी सुटते हे एकदा डोळ्यांनी पाहिले की माझी वरची चार पाने अनावश्यक ठरतात. पत्नीला बरोबर न्या. भट्टी सगळ्यांनाच आवडते.

राहता राहिल्या तुमच्या मातोश्री. त्या आल्यावर कपाटाची ओळख चपट्यांपासून करून देऊ नका, त्या मेसनच्या बरणीपासून करा. बरणी त्यांच्या हातात द्या आणि काठ कसा लागतो तेवढे विचारा. लोणचे भरण्यापूर्वी बरणीच्या काठावरून अंगठा फिरवून टवका शोधण्याची सवय त्यांना असणार, त्यामुळे काठ घासलेला आहे की यंत्राचा, हे तुम्हाला दोन वर्षांत कळले नाही ते त्या उभ्या उभ्या सांगतील. त्या जे सांगतील ते, आणि गरुडाच्या चपटीच्या बुडाचे तिरक्या उजेडात काढलेले एक छायाचित्र, पुढच्या पत्रासोबत पाठवा.